बिकाजान आपांचा कोरा रकाना

"रकाना कोरा ठेवणं म्हणजे तोंड न उघडता खोटं बोलणं."

बिकाजान आपांनी हे एका सुताराला सुनावलं होतं, कुवोंदिकच्या चहाच्या दुकानात, तुतीच्या झाडाखाली, पंधरावीस माणसांसमोर. सीमेपलीकडे जायच्या अर्जात त्याने 'जाण्याचं कारण' या शब्दांपुढे काहीच लिहिलं नव्हतं. खूप खोदल्यावर तो पुटपुटला की पलीकडे सासऱ्याशी भांडण झालंय, ते मिटवायचंय.

"मग तेच लिही," आपा म्हणाल्या. "कौटुंबिक समेट. दोन शब्दांत काय हात झिजतो तुझा?"

आपांची सून अनोरजान त्याच दुकानात कामाला होती, त्या वेळी चहाच्या किटल्या भरत होती. लग्न होऊन तिला चारच महिने झाले होते. सासू चारचौघांत अशी बोलते याची तिला तेव्हा लाज वाटली होती. पुढे बारा वर्षांत ती लाज कधी विरघळली आणि तिच्या जागी काय येऊन बसलं, हे तिला सांगता आलं नसतं.

शावातच्या सीमानाक्यापासून दुकान दोनशे पावलांवर. नाक्यापलीकडे कापसाची तीच शेतं, तोच कालवा, तीच खारट धूळ. पण तो दुसरा देश, आणि सहजासहजी कुणाला आत न घेणारा. आपा शाळेत भूगोल शिकवायच्या. फळ्यावर नकाशा काढताना ही हद्द त्या तुटक रेघेने काढत, कारण तेव्हा दोन्ही बाजूंना एकच राज्य होतं आणि माणसं सायकलवरून पलीकडे जाऊन टरबुजं आणत. मग एका हिवाळ्यात रेघ सलग झाली. नंतर तिच्यावर काटेरी तार आली. आपांची धाकटी बहीण याकूतजान लग्न करून दाशोगूझला गेली होती, ती तारेपलीकडे राहिली. कुणीच कुठे हललं नव्हतं.

विद्यार्थ्यांच्या आया शाळेच्या फाटकाशी यायला लागल्या. "आपा, नकाशा तुम्ही शिकवलात, आता रस्ताही तुम्हीच दाखवा." तेव्हापासून आपा अर्ज लिहीत आल्या. निवृत्तीनंतर कुवोंदिकने त्यांना झाडाखाली टेबल दिलं. भिंतीवर फोटोसाठी पांढरी चादर ठोकली होती. सीमेलगतच्या लोकांना महिन्यातून तीन दिवस जाता येई, पण त्यासाठी पासपोर्ट लागे, राहत्या गावाचा दाखला लागे, आणि पलीकडच्या नातेवाइकाने तिथल्या कचेरीचा शिक्का मारून पाठवलेलं आमंत्रण लागे. शिवाय अर्जात सगळं लिहायचं: कुणाकडे जाणार, तो कोण लागतो, काय नेणार, काय परत आणणार.

आपांची पद्धत अशी, की अर्ज लिहून झाला की माणसाला उभं करायचं आणि नाक्यावरच्या अधिकाऱ्याच्या आवाजात विचारायचं.

"आमंत्रण देणाऱ्याच्या आईचं नाव?"

"आपा, तुम्हाला ठाऊक आहे की."

"मला ठाऊक आहे. मला जायचं नाहीये. तू बोल."

माणसं चिडत, हसत, घाम पुसत. पण आपांच्या हातचा अर्ज नाक्यावरून कधी परत आला नाही, हे जिल्हाभर माहीत होतं. लग्नाला निघालेल्यांना मयताचं कारण सांगून लवकर जायचं असे, त्यांना आपा टेबलापासून उठवत. "जिवंत माणसं मारायला माझ्या पेनात शाई नाही," म्हणत.

एकदा खुद्द कुवोंदिकवरच पाळी आली. पलीकडून भावाचं आमंत्रण आलं, परवाना झाला, आणि निघायच्या सकाळीच भाऊ गेल्याचा निरोप आला. परवाना खिशात होता. आपा म्हणाल्या, "आमंत्रण देणारा नाही, तर आमंत्रणही नाही. पुतण्याकडून नवं मागव." कुवोंदिकने मागवलं. माती तर हुकलीच, चाळिसावा, म्हणजे चाळिसाव्या दिवसाचा विधी, तोही हुकला. दोन महिने तो आपांशी बोलला नाही. पण त्यांचं टेबल त्याने उचललं नाही, आणि रोज सकाळी न सांगता चहा तिथेच ठेवला.

याकूतजान शेवटची आली त्याला सात वर्षं झाली. जाताना तिने घरच्या तंदुरातलं एक नान उचललं, कडेचा एक घास तोडला, आणि उरलेलं आपांच्या हातात दिलं. निघणाऱ्याने घास घ्यायचा, उरलेलं नान भिंतीवर टांगायचं आणि परत आल्यावर त्यानेच ते संपवायचं, ही दोन्हीकडची जुनी रीत. "पुढच्या महिन्यात येते," याकूतजान म्हणाली, "उंदरांना देऊ नकोस." पुढच्या महिन्यात साथ आली आणि नाका बंद झाला. उघडला तेव्हा दोघीही म्हाताऱ्या झाल्या होत्या, आणि याकूतजान अंथरुणाला खिळली होती. नान दाराशेजारच्या खिळ्याला फडक्यात तसंच होतं. अनोरजान दर आठवड्याला त्यावरची धूळ झटकत असे.

यंदाच्या शरदात याकूतजानचं आमंत्रण आलं, थरथरत्या सहीचं. आपांनी स्वतःचा अर्ज स्वतः लिहिला. लोकांचे शेकडो लिहिले होते, स्वतःचा इतक्या वर्षांत पहिलाच. आजवर येणारी धाकटीच असे. परवाना गुरुवारी हातात पडला. शुक्रवारी पहाटे भाचा दोवरानचा फोन आला.

अनोरजानने फोन घेतला, ऐकला, आणि आपांना काही सांगायची गरज पडली नाही. आपा दारातच खाली बसल्या. बराच वेळ त्यांनी आपल्याच गुडघ्यावर हात चोळला, गुडघा दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"आई, उठा," अनोरजान म्हणाली. "परवाना आहे. आठला नाका उघडतो. दुपारपर्यंत मातीला पोचाल."

"परवान्यावर काय लिहिलंय?"

"आई, आत्ता नको."

"वाच."

अनोरजानने वाचलं. "कारण: बहिणीची भेट. आमंत्रण देणारी: याकूतजान."

"ती कुठे आहे?"

अनोरजान रडायला लागली. आपा रडल्या नाहीत. चादर अंगाभोवती घेऊन त्या दुकानाकडे निघाल्या. कुवोंदिकला बातमी लागली होती. तो रस्त्यातच आडवा आला.

"आपा, माझ्याकडे बघू नका. जा तुम्ही. मी विसरलोय ते सगळं."

"तू विसरलास?"

कुवोंदिकने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"नाही ना विसरलास? मग मी तुझ्यासमोरून कोणत्या पायांनी जाऊ?"

"तुमच्या!" तो ओरडला. "तुमच्याच पायांनी! नाक्यावर कोण विचारणार आहे तुम्हाला? तुमचं नाव बघून ते उभे राहतात."

"म्हणूनच," आपा म्हणाल्या, आणि टेबलाशी बसून त्यांनी नवा अर्ज काढला. कारण: बहिणीचा चाळिसावा. आमंत्रण देणारा: भाचा दोवरान. जुना परवाना त्यांनी नाक्यावर नेऊन परत केला आणि पोच घेतली.

त्या दिवशी अनोरजान त्यांच्याशी बोलली नाही. तिला वाटलं, या बाईच्या छातीत काळीज नसून शिक्का आहे. रात्री तिने भांडी जरा जोरातच घासली. आपांनी ते ऐकलं.

मग दिवस मोजणं सुरू झालं. पलीकडची कचेरी हळू चाले. दोवरान फोनवर सांगे, "मावशी, शिक्केवाला रजेवर गेलाय." मग, "मावशी, आला, पण माझा दाखला जुना झालाय म्हणतो." दहा दिवस गेले, वीस गेले. आपा रोज टेबलाशी बसत, लोकांचे अर्ज लिहीत, त्यांना उभं करून प्रश्न विचारत. तिसाव्या दिवशी एक बाई म्हणाली, "आपा, तुम्ही स्वतःच अडकलात, आता तरी सोडा हा हट्ट." आपा म्हणाल्या, "आमंत्रण देणाऱ्याच्या आईचं नाव?" बाई मुकाट्याने उभी राहिली.

कुवोंदिकचा उरलासुरला राग याच दिवसांत कधीतरी उतरला. अनोरजानने त्याला गिऱ्हाइकाशी बोलताना ऐकलं: "माझ्या वेळी मला वाटलं होतं, नियम फक्त माझ्यासाठीच आहे." तिने किटली खाली ठेवली. सासू तिकडे झाडाखाली चष्मा पुसत होती. लहान दिसत होती, आणि ताठ. त्या गिऱ्हाइकाला ओरडून सांगावं, ही माझी सासू आहे, असं अनोरजानला वाटलं. तिने त्याला फक्त चहा जास्त दिला.

सदतिसाव्या दिवशी परवाना आला. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस. बरोबर तीन दिवस.

अडतिसाव्या दिवशी पहाटे अनोरजानने तंदूर पेटवला. नवं नान काढून आपांपुढे धरलं. आपांनी कडेचा घास घेतला, सावकाश चावला, आणि मग खिळ्यावरचं जुनं फडकं उतरवलं. त्याच खिळ्याला अनोरजानने नवं नान टांगलं.

"जुन्याचं काय करणार, आई?"

"नेणार."

"घरी केलेलं अन्न नेता येत नाही. तुम्हीच वाचून दाखवता सगळ्यांना."

"माहीत आहे."

वाटेत कुवोंदिक म्हणाला, "शालीत गुंडाळा, आपा. म्हाताऱ्या बाईची शाल कुणी उलगडत नाही." आपांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच हसला. "बरं, बरं. विचारून बघितलं."

सामान तपासायच्या खोलीपर्यंत घरच्यांना जाता येई. अनोरजान पिशवी घेऊन आत गेली. अधिकारी चाळिशी उलटलेला, भरदार मिशांचा होता. त्याच्या आईचे अर्जही आपांच्याच हातचे. तो उठून उभा राहिला, मग बसला, आणि सामानाचा कागद वाचू लागला. सहाव्या रकान्याशी थांबला. मोठ्याने वाचलं.

"खाद्यपदार्थ: नान, एक. कडेला चावलेलं. सात वर्षांपूर्वीचं. विक्रीसाठी नाही." त्याने वर पाहिलं. "आपा, हे लिहायची गरज नव्हती."

"रकाना होता."

"लिहिलंत म्हणजे मला अडवावं लागेल ना."

"तुझं काम तू कर. माझं मी केलंय."

त्याने फडकं सोडलं. नान राखाडी झालं होतं, तडकलेलं. कडेला घासाची अर्धचंद्रासारखी जागा. त्याने बोटाने वाजवलं. लाकडासारखा आवाज आला.

"हे खाता येईल का कुणाला?"

"तुझे दात चांगले असतील तर बघ."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. अधिकारीही हसला, मग त्याची नजर त्या अर्धचंद्रावर गेली आणि हसू थांबलं. घासाचा अर्थ त्याला सांगावा लागणार नव्हता. त्याच्याही घरी असा खिळा असणार. त्याने 'खाद्यपदार्थ' खोडलं, वर 'स्वतःची वस्तू' लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्याने नान दोन्ही हातांनी उचलून पुन्हा फडक्यात ठेवलं.

मग त्याचं बोट खाली सरकलं.

"आपा," तो हळूच म्हणाला, "इथे कोरं राहिलंय."

अनोरजान पुढे झुकली. सहाव्या रकान्याच्या शेवटी छापलं होतं: परत आणणार, की तिथेच ठेवणार? पुढची जागा खरोखरच कोरी होती. बारा वर्षांत तिने सासूच्या हातची कोरी जागा पाहिली नव्हती. आपांचा चेहरा तिने पाहिला, आणि ही चूक नाही हे तिला कळलं. सासूला उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेलं लिहिणं त्यांना जमलं नव्हतं.

अधिकाऱ्याने पेन पुढे केलं. आपांनी ते घेतलं. टोक कागदावर टेकलं, टेकून राहिलं. खोलीतली माणसं पुढे सरकली. मागे उभा असलेला, पूर्वी रकाना कोरा ठेवणारा तो सुतारही मान उंचावून बघत होता.

आपांनी पेन उचललं आणि कागदावर आडवं ठेवून दिलं. फडक्याची गाठ बांधली, ते छातीशी धरलं. अनोरजानच्या हातातून पिशवी घेतली. अधिकारी उठला आणि पलीकडचं दार त्याने स्वतः उघडून धरलं. आपा ताठ चालत बाहेर पडल्या.