तात्यांनी लावलेली तीन हाडं

एकेकाळी गावातलं मेलेलं ढोर ओढून नेल्याशिवाय आमच्या घरची चूल पेटत नव्हती. माझे थोरले चुलते, तात्या, लहानपणी बापाबरोबर त्या कामाला जायचे. घराण्यानं धम्म घेतला आणि ते काम सुटलं. पुढची दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन काढली, पण कुणी पुन्हा दोर हातात धरला नाही. तात्या रेल्वेत गँगमन झाले, पिंगळीला घर बांधलं, आणि माझे वडील लवकर गेल्यावर मला त्यांनीच शिकवलं. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिली. आणि मी विषय घेतला हाडांचा.

तात्या गेले त्याला सहा आठवडे झाले. मोठ्या आईचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा फोन आला तेव्हा मी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेआधी मापं पुन्हा ताडत होते. माप घ्यायचा कॅलिपर हातात तसाच उघडा राहिला...

गोदावरीकाठच्या एका फार जुन्या वस्तीच्या उत्खननात गुरांची हाडं निघाली होती. पुढच्या पायाच्या हाडांची मापं घेऊन त्या वस्तीत गायी किती आणि नर किती हे काढायचं, हा माझा प्रबंध. त्यावरून माणसं गुरं दुधासाठी पाळत होती की नांगरासाठी, याचा अंदाज येतो. ऐकायला सोपं आहे. नर दांडगा, गाय नाजूक. मोठी मापं इकडं, लहान तिकडं. पण लांबी धरली की नर जास्त निघायचे आणि रुंदी धरली की गायी. हाडं तीच. तीन वर्षं मी या एका प्रकरणावर डोकं आपटलं. सरांनी ते चारदा परत केलं.

आजच्या, गाय की नर हे माहीत असलेल्या जनावरांची हाडं आणून ताडून बघावं म्हटलं, तर तात्या आडवे.

“पालमचा एक जण बांधावर पुरलेला बैल उकरू देतो म्हणलाय,” मी सांगितलं.

“माज्या बापानं दोर फेकला, त्यो तू उचलायसाठी का? एम.ए. होऊन ढोरामागं जायलीस.”

“तात्या, हे संशोधन हाय.”

“वास तोच ऱ्हातो.”

मला राग यायचा, आणि खरं सांगते, अजून येतो. कारण माझ्या कोड्याचं उत्तर या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी प्रकरण चौथ्यांदा परत आलं. मी घरी येऊन कागद ओट्यावर फेकले. पिशवीतून तीन हाडांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती बाहेर पडल्या. तात्या खाटेवर बसले होते. मी घाईनं म्हटलं, “हाड न्हाई तात्या, प्लास्टर हाय.” मग त्यातलं लांब, सडपातळ हाड उचलून त्यांनी हातात फिरवलं.

“ह्याला कुठं टाकलंस?”

“लांबीवरून नरात. रुंदीवरून गाईत. कुठंच बसंना.”

“कसं बसंल? बैल हाय ह्यो. ठेचलेला. गोऱ्हा लहानपनीच ठेचला की टांग वाढतच ऱ्हाते, पर भरत न्हाई. सांड ठोकळ्यावानी, गाय आखूड. ह्ये लेकराला बी कळतंय.”

“कोणत्या लेकराला?”

तात्यांनी ते हाड बाकीच्या दोन्हींच्या मधे ठेवलं. “मला कळत व्हतं,” ते म्हणाले.

दरसाल पोळ्याला बैल बघत वाढलेली मी. नर आणि मादी एवढेच दोन ढीग करत बसले. खच्ची केलेल्या बैलाचा तिसरा ढीग मला सुचला नाही.

सर म्हणाले, म्हाताऱ्याचं म्हणणं पुरावा होत नाही. बरोबरच होतं ते. तात्यांनी मग हट्ट सोडला. “उकर. पर घरात आनू नको.” मी पालमचा बैल उकरला, जिंतूरकडूनही गायी-बैलांची हाडं मिळवली. लांबी आणि रुंदी एकत्र मांडली आणि तीन ढीग सरळ वेगळे झाले.

प्रबंध देताना आभारात तात्यांचं नाव घालायचं मी ठरवलं होतं. ते ऐकेनात.

“लोक इचारतील, ह्याला कसं ठावं.”

“इचारू द्या की.”

“तुला सोपं हाय.”

यावरून आमचं वाजलं. मी शेवटी नाव काढलं, पण रागानं काढलं, आणि त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोललो. ते तसंच राहून गेलं... प्रबंधात नाव नको म्हणाले होते. वर्तमानपत्राचं काही बोलले नव्हते, म्हणून इथं लिहिते. त्यांना कसं ठाऊक होतं, तेही लिहिलं.

त्या तीन प्रतिकृती अजून त्यांच्या खाटेच्या उशाशी खिडकीत आहेत. गाय, बैल, सांड, त्यांनीच लावलेल्या क्रमानं. परवा धूळ पुसताना मी बैल शेवटी ठेवला. मोठी आई आली, तिनं तो उचलून पुन्हा मधे ठेवला.

मागच्या आठवड्यात प्रबंध मंजूर झाला. त्या वस्तीत गायी जास्त होत्या, आणि मोठे झालेले नर बहुतेक बैल होते.