पालखीचा क्रम आणि माझा नवा प्रोग्राम

आमच्या वाडीच्या मंडळाचा कारभार भाईंदर पूर्वेच्या एका दहा बाय बाराच्या खोलीत चालतो. वाडी रत्नागिरीकडची, घरं त्रेसष्ट, आडनाव सगळ्यांचं एकच. या घरांची नोंद ठेवायला मी बऱ्याच वर्षांपूर्वी मंडळाच्या कॉम्प्युटरवर एक डेटाबेस करून दिला होता. घर, माणसं, फोन, रक्तगट, सगळं त्यात. पण तो त्या एकाच मशीनवर आणि एकाच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा. उघडण्याआधी आमचे सचिव मशीनला डाव्या बाजूने थाप मारायचे.

गेल्या वर्षी एका थापेच्या तीन झाल्या, तेव्हा सचिव म्हणाले, "आता काहीतरी कर रे. नव्या लॅपटॉपवर ते जुनं सॉफ्टवेअर नाही. आयकॉनवर दोनदा टिचकी मारली की यादी दिसली पाहिजे, बस्स."

मी आठ रविवार खर्ची घातले. कुठल्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरचा आधार न घेता चालेल असा स्वतंत्र प्रोग्राम लिहिला आणि जुन्या फाइलमधली माहिती त्यात आणली. मग ताळा केला. घरं त्रेसष्टपैकी त्रेसष्ट, माणसं चारशे अठरापैकी चारशे अठरा. तीन लोकांचे रक्तगट दोनदा फोन करून पडताळले. घरी येऊन बायकोला सांगितलं, "त्रेसष्टपैकी त्रेसष्ट!" ती म्हणाली, "बरं झालं. आता आपल्या गॅसचा नंबर लाव."

जुन्या यादीला मुद्दाम दिलेला क्रम नव्हता. घरं भरली त्याच ओळीने ती दिसायची. मला हे विस्कळीत वाटलं, म्हणून नव्या प्रोग्राममध्ये मी यादी नावाच्या अकारविल्हे लावली. कशी नीटस दिसत होती!

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी वाडीत पाच दिवस घरोघर फिरते. कुठल्या घरी कधी जायचं हे मानावर ठरलेलं असतं आणि ते पिढ्यान्‌पिढ्या बदललेलं नाही. इकडच्या लोकांना रजा आणि तिकिटं काढता यावीत म्हणून मंडळ दर वर्षी यादी छापतं. सचिवांनी या वेळी नव्या आयकॉनवर टिचकी मारली, पहिल्या तीन दिवसांना तेरा-तेरा घरं, पुढच्या दोन दिवसांना बारा-बारा अशी वाटली आणि यादी ग्रुपवर टाकली. ग्रुपवर नुसते अंगठे आले. ज्याने त्याने आपापला दिवस पाहिला आणि गावानेच काहीतरी बदल केला असेल असं धरलं. मीसुद्धा. माझं अकरावं घर अडतिसावं झालं होतं. पण माझा ताळा जुळलेला होता.

आठ दिवसांनी गावच्या मानकऱ्यांचा, आबांचा फोन आला. "काय रे, देवाला वाट दाखवायला लागलास काय?"

मग माझ्या लक्षात आलं. जुना डेटाबेस भरताना मी समोर मानाची वही ठेवली होती आणि घरं तिच्याच क्रमाने भरली होती. माणसांच्या सगळ्या नोंदी मी नव्या घरात आणल्या आणि देवाचा क्रम जुन्या मशीनमध्येच विसरलो. फाइल शाबूत होती. क्रमाचा रकाना घालून दुरुस्त यादी मी तासाभरात पाठवली. बहुतेक घरांत गावी कोणी ना कोणी असतंच, त्यांचं काही बिघडलं नाही.

बिघडलं एका घराचं. माझी चुलत काकी आमच्या मागच्याच गल्लीत राहते. तिचं गावचं घर वर्षभर कुलपात, आणि मानाच्या क्रमात शेवटचं, त्रेसष्टावं. पालखी तिच्या दारी पोचेपर्यंत तिच्या लेकी परतीच्या गाडीत बसलेल्या असायच्या. माझ्या यादीत मात्र काकांचं नाव 'अ'वरून म्हणून तिचं घर पहिलं आलं. तिने स्वतःची, दोन्ही लेकींची, जावयांची, नातवंडांची पहिल्या दोन दिवसांची तिकिटं काढली. पुढे नातवंडांच्या परीक्षा. परतीची तिकिटं बदलायला गेलं तर वेटिंग.

मी पडलेलं तोंड घेऊन तिच्याकडे गेलो. ती वाटाणे सोलत होती.

"ये. त्रेसष्टपैकी त्रेसष्ट!" हे तिला माझ्या बायकोनेच सांगितलेलं.

"काकी, चूक माझी आहे."

"मग? मी काय देवीची म्हणतेय? मेल्या, आठ दिवस मला पहिल्या नंबरावर बसवलंस. लेकीने ओटीचं खण-नारळ आणलं." शेंगा बाजूला सारून ती म्हणाली, "आता ओटी काय तुझ्या आयकॉनला भरू?"

हसली, पण वाटाणे पुन्हा हातात घेतले नाहीत.

त्याच दिवशी मी आबांना फोन केला. क्रम बदलणार नाही, हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं. मग म्हणाले, "तुझं घर अकरावं, पहिल्याच दिवशी. तुम्ही भावकीच. तुझ्या अंगणात कोण ओटी भरतंय ते देवी विचारीत नाय. पण तिच्या दारात शेवटच्या दिवशी माणूस उभा पायजे. कुलूप नको."

माणूस म्हणजे कोण, हे वेगळं सांगायची गरज नव्हती. माझी दोन दिवसांची रजा पाच दिवसांची झाली. बायको म्हणाली, "आठ रविवार आणि वर तीन दिवस. पुढच्या वेळी थापच मारत जा."

पहिल्या दिवशी काकीच्या दोन्ही लेकींनी आमच्या अंगणात ओटी भरली. काकी खांबाला टेकून बघत होती. "छान झालं," म्हणाली, आणि मग हळूच, "पण आपलं दार ते आपलं दार." मी मान हलवली. तिसऱ्या दिवशी सकाळी किल्ली माझ्या हातात देऊन ती लेकींबरोबर भाईंदरला परतली.

पाचव्या दिवशी आम्ही तिचं घर उघडलं, अंगण सारवलं, रांगोळी काढली. यादीत वेळ अकराची होती, मीच छापलेली. साडेबाराला ढोल अजून वरच्या आळीतच. बायको ताट धरून दाराशी, मी उंबऱ्यावर. दीड वाजता काकीचा फोन.

"आली का रे?"

"नाही अजून. चार घरं आहेत."

"ऊन लागतंय?"

"लागतंय."

"पोटात काही आहे?"

"नाही."

पलीकडून थोडा वेळ नुसतं हसू ऐकू आलं. मग म्हणाली, "फोन ठेवू नकोस. तसाच दारात धरून ठेव. या वेळी ढोल तरी ऐकते."

मी हात वर केला आणि फोन दारात धरून उभा राहिलो.