शेवंतीची हरकत

पाली गावच्या कोळीवाड्यातल्या शेवंतीच्या जिभेला हाड नव्हतं. बाजारात तिच्याशी घासाघीस करायची म्हणजे गिऱ्हाईकाला घाम फुटायचा. पण मनानं वाईट नव्हती हो बाई! नवरा लवू गेला तेव्हापासून अशी कडवट झाली. जाळं कुणी कापलं यावरून भांडण पेटलं आणि समोरच्या सुलूच्या पोरानं, कमळाकरनं, रागात वल्हं हाणलं. लवू जागीच गेला, कमळाकर जन्मठेपेवर गेला, आणि एका अंगणात बोंबील वाळवणाऱ्या दोन बायकांचं बोलणं तुटलं.

वर्षं लोटली. कमळाकरची वागणूक चांगली आहे, सजाही पुष्कळ भोगलीय, आता उरलेली माफ करा, असा अर्ज वर गेला. मयताच्या घरच्यांचं म्हणणं विचारायला हवालदार येणार, ही बातमी आधीच गावभर झाली.

खरं सांगायचं तर शेवंतीचा राग कधीच निवला होता. तिला एवढंच हवं होतं, की सुलूनं दारात यावं आणि तोंडानं मागावं. तिच्या लेखी माफी उंबऱ्यावर येऊनच मागायची असते, निरोप चालत नाही. ती वाट बघत बसली. सुलू काही आली नाही. कुठल्या तोंडानं येणार होती बिचारी!

हवालदार आला. "मावशी, त्याला सोडायला तुमची हरकत आहे का?"

समोरच्या दारात सुलू पदर तोंडाशी धरून उभी. पुढे येईना, बोलेना. शेवंतीचं डोकंच फिरलं.

"हाय! हरकत हाय! लिवा!"

अर्ज फेटाळला गेला. तिच्या शब्दानं, की आणखी कशानं? वरच्यांचं वरच्यांना ठाऊक. कुणाला हार घालून सोडतात, कुणाचा अर्ज धूळ खातो. पण शेवंतीला वाटायचं, तुरुंगाला कडी आपणच घातली. चौकीवर जाऊन शब्द मागे घ्यावा, असं कितीदा मनात आलं. मेलं मन! आज नको, उद्या करत राहिलं.

यंदा सुलू गेली. पोलिसांच्या पहाऱ्यात कमळाकर आला, केस पांढरे झालेले. त्यानं आईच्या पायांवर डोकं टेकलं आणि तिरडी उचलायच्या आधी, सगळ्यांदेखत, शेवंतीचे पाय धरले.

"काकी, आई दर भेटीला सांगायची मना. तू माफ केलंस, सरकारनंच न्हाय सोडला. तुझं लय उपकार हायेत."

शेवंतीला खरं सांगून टाकायचं होतं. पण सांगितलं असतं तर सुलू खोटी पडली असती, तीही तिच्याच तिरडीपाशी.

"ऊठ, बाबा," एवढंच ती म्हणाली.