चौथ्या गाण्याचं शुद्धिपत्रक

खरं तर हे मी सांगायचंच नव्हतं. दोन माणसांनी मला बजावलं होतं, "कोणाले सांगू नको." एक आमचे संगीताचे सर आणि दुसरे माझे बाबा. सरांचं गुपित आता सगळ्या शाळेला माहीत झालं आहे, म्हणजे ते सांगायला हरकत नाही. बाबांचं अजून त्यांच्या गिऱ्हाइकांना माहीत नाही. पण ते सांगितल्याशिवाय माझा घोळ तुम्हाला कळायचाच नाही. म्हणून सांगते. तुम्ही मात्र समुद्रपूरला आलात तर आमच्या किराणा दुकानात जाऊन हसू नका.

आता ऐका. आमच्या सरांनी एक नवंकोरं संगीत नाटक लिहिलं. सहा गाणी, चालीसुद्धा त्यांच्याच. समुद्रपूरकडची एक मुलगी नर्सिंग शिकायला सावंगीला जाते, एवढीच गोष्ट. दुसरं गाणं गमतीचं होतं, त्यात घरची बकरी तिचा प्रवेशाचा फॉर्म खाऊन टाकते. चौथं गाणं ती एसटीत बसते तेव्हाचं. ते माझी मैत्रीण प्रणाली गाणार होती. नाटकात तिला तेवढं एकच गाणं होतं आणि तीन महिने ती तेच गात होती. डबा खाताना, सायकल चालवताना, फळा पुसताना. मला ते इतकं पाठ झालं होतं की मी ते ऐकणंच बंद केलं होतं.

मला नाटकात काम नव्हतं. मी वर्गात "हजर" म्हणते तेही बाईंना दुसऱ्यांदा विचारावं लागतं. पण पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी सरांनी मला बाजूला बोलावलं.

"वैष्णवी, तू बोलत नाहीस, पण पाहतेस बरोबर."

मी मान हलवली.

"मी पेटीवर बसणार, माझं तोंड स्टेजकडे. लोक कुठे हसले, कुठे रडले, मला काय दिसणार? तू सगळं लिहून ठेव. आणि कोणाला सांगू नको. कळलं की लोक मुद्दाम टाळ्या वाजवतात."

एवढी मोठी जबाबदारी! मी नवी वही घेतली. लाल समास आखला. रकाने पाडले: गाणे, हसले, रडले, टाळ्या, उठून गेले. सरकारी कागदाला लाज वाटावी अशी वही केली हो मी!

फक्त एक गोष्ट केली नाही. पुढे बसले नाही.

कशी बसणार? पुढे बसलं की लोक पाहतात. मी शाळेच्या पटांगणात अगदी मागे, पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसले. तिथून मला सगळे प्रेक्षक दिसत होते. म्हणजे सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या. पण पाठ म्हणजेही माणूसच ना? मी लिहू लागले.

बकरीचं गाणं सुरू झालं. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या. एक आजी तर दोन्ही हातांनी डोळे पुसत होती. मी लिहिलं: *गाणे दुसरे. बहुतेक स्त्रिया रडल्या.*

मला जरा नवल वाटलं. पण म्हटलं, असेल बाई, कोणाकोणाकडे बकऱ्या असतात.

मग चौथं गाणं आलं. प्रणाली पिशवी घेऊन पुठ्ठ्याच्या एसटीत चढली आणि गायला लागली.

*थैलीत माझ्या काय गं भरलं?*
*घर भरलं, दार मागं राह्यलं.*

बायकांनी पदर तोंडाशी नेले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. तोंडावर पदर, खांदे गदगदा! आमच्या आत्याबाई लग्नात नवरदेवाचं धोतर सुटलं तेव्हा अशाच हसत होत्या. मी लिहिलं: *स्त्रिया हसल्या.*

तेवढ्यात पुरुष एकेक करून उठायला लागले. गेटाबाहेर टपरी आहे, सगळे तिकडे. आता आमच्याकडे पुरुषमाणूस कार्यक्रमातून उठला तर कुठे जाणार? खर्रा खायला! सुपारी-तंबाखूचा तो खर्रा घोटून होईपर्यंत गाणं संपतंच. मी मोजले. नऊ. आणि नववे आमचे बाबा होते. वहीत प्रामाणिकपणा हवा, म्हणून मी लिहिलं: *पुरुष खर्रा खायला गेले: ९ (आमचे बाबा धरून).* गाणं संपलं तेव्हा एकही टाळी वाजली नाही. तेही लिहिलं.

सोमवारी सरांनी वही वाचली.

"बकरीच्या गाण्यात रडले?"

मी मान हलवली.

"बाप्पा! आपल्या लोकांचं मन किती मोठं असतं, पाहा. आपण उगीच गंमत करत होतो." त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं: चाल संथ करणे. मग चौथ्या गाण्यावर आले. त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. "हसल्या? आणि नऊ जण उठून गेले?"

पुढच्या रविवारी नालवाडीच्या सभागृहात दुसरा प्रयोग होता. सरांनी चौथं गाणं काढून टाकलं.

प्रणाली त्याच सोमवारी डब्याला हात न लावता माझ्याशेजारी बसली. "माह्यं गाणं काढलं वं. आता मी फक्त एसटीचा दरवाजा धरून उभी राहणार हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू तं होती ना तिथं. इतकं खराब झालतं काय?"

सांगा, काय बोलणार? सरांना शब्द दिलेला. आणि वहीत तर माझंच अक्षर. मी म्हटलं, "मले मागून नीट ऐकू आलं नाई." ते खरंच होतं. मी गाणं ऐकलंच नव्हतं, माणसं मोजत होते.

आठवडाभर बकरीचं गाणं संथ चालीत बसवणं चाललं होतं. पेटीवर असा सूर की बकरीनं फॉर्म नाही, विष खाल्लं आहे! बकरी झालेली सहावीतली मुलगी तर खरंच रडायला लागली.

आणि शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात स्फोट झाला.

आई गॅसचं पुस्तक शोधत होती. तिच्या हाती माझी वही लागली. बाबा नुकतेच दुकानातून येऊन चहा पीत होते.

"काहो," आईचा आवाज एकदम थंड. असा थंड आवाज फार वाईट. "खर्रा चालू केला काय तुम्ही परत?"

बाबांना ठसका लागला. दोन वर्षांपूर्वी सावंगीला डॉक्टरांनी तोंडात बॅटरी मारून पाहिलं होतं, तेव्हापासून बाबांनी खर्रा सोडला आहे. आईच्या डोक्यावर हात ठेवून सोडला आहे.

"नाई वो! कोण म्हणते?"

"तुमची पोरगी म्हणते. लेखी देल्लं हाय तिनं. तोंड उघडा!"

आईनं मोबाइलचा टॉर्च लावला. बाबांनी तोंड उघडलं. मी भिंतीत शिरायला जागा शोधत होते.

"शपथेनं सांगतो, नाई खाल्ला."

"मंग गाणं चालू असताना गेटावर काय कराले गेलते?"

बाबा छताकडे पाहू लागले. "डोयात कचरा गेलता."

"नऊ जणाइच्या डोयात एकाच टाइमले कचरा गेला? पटांगणात काय पिठाची गिरणी चालू होती काय?"

बाबा कप खाली ठेवून, माझ्याकडे न पाहता, हळूच म्हणाले, "ते पोरगी थैली घेऊन एसटीत चढली ना… मले वाटलं, आपली वैशूबी दहावी झाली का अशीच जाइन. मंग काय, बसवलंच नाई तिथं. तिकडे गेलो तं सारेच तिथं! कोणी भिंतीकडे तोंड करून उभा, कोणी चप्पल झटकून राह्यला. टपरीवाला विचारे, खर्रा घोटू काय, तं एकाच्याबी तोंडातून आवाज निघेना."

आईनं टॉर्च बंद केला.

मग वही पुन्हा उघडली आणि म्हणाली, "आन् हे काय लिहिलं वं, स्त्रिया हसल्या? आम्ही साऱ्याजणी रडून राह्यलो होतो!"

"पण टाळ्या…" मी म्हटलं.

"पोरगी घर सोडून जाते तवा टाया वाजवते काय कोणी? अपशकुन करतं काय?"

"आणि बकरीला रडल्या त्या?"

"कोण रडलं बकरीले? हसून हसून डोयातून पाणी आलं. त्या आजीचा तं चष्मा पडला!"

आता तुम्हीच सांगा. एका वहीत, सुवाच्य अक्षरात, लाल समास सोडून, कोणी इतकं सगळं उलटं लिहिलं असेल का? उठून जाणाऱ्यांची बेरीज तेवढी बरोबर होती. त्यांचं कारण सोडून!

बाबा मात्र नंतर माझ्यामागे स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "हे पाह्य बेटा, मी रडलो गिडलो ते कोणाले सांगू नको. दुकानात लोक येतात."

रविवारी सकाळी आम्ही सगळे बसनं नालवाडीला निघालो. सरांना सांगायला तर हवं होतं. पण सांगायचं कसं? माझ्या तोंडून दोन वाक्यं सलग निघायला अर्धा दिवस लागतो, आणि प्रयोग दुपारी होता. मग मी मला येतं तेच केलं. बसमध्ये मांडीवर कागद ठेवून लिहिलं आणि सभागृहात पोचल्याबरोबर सरांच्या हातात दिलं.

*शुद्धिपत्रक*
*गाणे दुसरे: 'रडल्या' ऐवजी 'हसल्या' असे वाचावे. बकरीबद्दल कोणालाही दुःख झालेले नाही.*
*गाणे चौथे: 'हसल्या' ऐवजी 'रडल्या' असे वाचावे. 'खर्रा खायला गेले' ऐवजी 'रडायला गेले' असे वाचावे.*
*कारण: मी मागे बसले होते.*

सरांनी ते दोनदा वाचलं. "तू पाठी पाहून लिहीत होतीस?"

मान हलवली.

"आणि मी आठवडाभर त्या बकरीचा शोक करून राह्यलो?"

पुन्हा मान हलवली. सर आधी डोकं धरून बसले, मग त्यांचे खांदे हलू लागले. हसत होते की रडत होते, ते मी या वेळी लिहून घेतलं नाही. शहाणी झाले होते.

"प्रणालीला बोलाव," ते म्हणाले. "तिला तूच सांग."

प्रणाली पुठ्ठ्याचा दरवाजा घेऊन उभी होती. मी आयुष्यातलं सगळ्यांत लांब वाक्य बोलले: "गाणं खराब झालं नव्हतं, सारे रडून राह्यले होते, मले हसल्यावानी दिसलं, वहीत मीच लिहिलतं, आणि आता तुले गायचं हाय."

"तू लिहिलतं?" तिनं दंडाला असा चिमटा काढला की ती जागा अजून निळी आहे. मग दरवाजा माझ्या हातात दिला आणि आरशाकडे धावली.

बकरीचं गाणं मात्र पूर्ण दुरुस्त व्हायला वेळ नव्हता. तबला जुन्या चालीत पळत होता आणि पेटी नव्या चालीत मयतीला निघाली होती. नालवाडीचे लोक इतके हसले की बकरी दोन वेळा थांबली!

मी या वेळी पहिल्या रांगेत बसले. चेहरे नीट दिसावेत म्हणून. निळा ड्रेस घातला होता. पण प्रणाली एसटीत चढली, आणि ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. पाठ झालेलं, पण पहिल्यांदा. माझ्या मागे किती माणसं होती, कोण उठलं, काही कळलं नाही. मी ओढणी तोंडात कोंबून बसले होते. संपल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला, कोणी तर "वन्स मोअर" ओरडलं. आमच्याकडून आलेल्या बायका एकमेकींकडे पाहत होत्या, "अवो, टाया काऊन वाजवून राह्यले हे लोक?" गाणं तेच. नालवाडीत टाळ्या, समुद्रपूरात पदर.

झालं ना सगळं छान? थांबा.

माझ्यावरून सरांचा विश्वास उडाला होता, म्हणून त्यांनी त्या दिवशी नोंदींचं काम गुपचूप विज्ञानाच्या मॅडमना दिलं होतं. मॅडम मागे उभ्या होत्या. शिस्त मागूनच दिसते, असं त्यांचं मत आहे. सोमवारी सगळ्यांसमोर त्यांनी आपली वही वाचली.

"चौथे गाणे. प्रेक्षक शांत. अपवाद, पहिली रांग, निळा ड्रेस, एक मुलगी. तोंडात ओढणी घालून गाणं संपेपर्यंत हसत होती. खांदे हलत होते. असभ्य. नाव शोधून शिक्षा करावी."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

"मॅडम," सर म्हणाले, "थांबा जरा. शुद्धिपत्रक येईल."

आज तिसरा प्रयोग आहे, सावंगीला, नर्सिंगच्या मुलींसमोर. त्या तर घर सोडून आलेल्याच. त्या रडतील की टाळ्या वाजवतील? सर म्हणतात, आपण अंदाज करणं सोडलं. प्रणाली सकाळपासून गाते आहे. आणि बाबांनी चक्क दुकान बंद ठेवलं आहे. "मी दारापाशीच बसतो, हवा लागते," असं म्हणत आहेत.

"वैशू! बस निघून राह्यली, काय लिहून राह्यली वं एवढं?"

बाबाच हाक मारत आहेत. जाते. पण एकच सांगते. आई इस्त्री करत होती, तेव्हा मी त्यांच्या शर्टाचा खिसा तपासला. खर्रा नव्हता. दोन रुमाल होते. एक त्यांचा नेहमीचा, आणि एक नवा, बारीक फुलांचा, तो बहुतेक माझ्यासाठी.