तळं साफ करणारा मोकसेद

१९ फेब्रुवारी १९९९ रोजी हाजीसाहेबांनी मोकसेद अलीच्या हातावर तीनशे ऐंशी टका मोजून ठेवले. काम दोन दिवसांचं होतं. हाजीसाहेबांचं दोन एकरांचं तळं त्याने साफ करून दिलं होतं.

साफ करणं म्हणजे गाळ काढणं नव्हे. चैत्रात तळ्यात रोहू-कटल्याची पिल्लं, म्हणजे बोटुकली, सोडायची, त्याआधी पाण्यातला बाकीचा सगळा मासा मारून टाकायचा. तो फुकट खातो आणि मोठ्या माशाचं अन्न पळवतो, असं अकरा वर्षांपूर्वी एका सरकारी शिबिरात मोकसेदला शिकवलं होतं. पाण्याचा अंदाज घेऊन पावडर कालवायची आणि काठाकाठाने शिंपडायची. तासाभरात मोला, पुंटी, चांदा असे बोटबोटभर मासे पांढरे होऊन वर येत. त्या दिवशी साऱ्या पाड्यात बारक्या माशांचं कालवण होई, आणि मग वर्षभर नाही. बांगलादेशातल्या दिनाजपूरकडच्या त्या चार गावांत मोकसेदने साठेक तळी अशी साफ केली होती. मापात कधी चूक नाही, उधळमाधळ नाही. लोक त्याला ‘औषधवाला’ म्हणत आणि त्याला ते आवडे.

त्याचं स्वतःचंही घरामागे पाव एकराचं तळं होतं. लोकांची कामं उरकली की शेवटी आपलं, असा त्याचा शिरस्ता. पंच्याण्णव टक्यांची पावडर आणून त्याने आढ्याला डबा टांगून ठेवला होता.

त्याच आठवड्यात संध्याकाळी सून शिउली तळ्याच्या पायऱ्यांवरून पडली. तिला सहावा महिना होता. नवरा बाबुल गाजीपूरच्या कपड्यांच्या कारखान्यात, म्हणून जबाबदारी सासऱ्याची. मोकसेद धावत गेला तेव्हा ती दोन पायऱ्या खाली बसून हाताने घागर चाचपत होती. घागर तिच्या पुढ्यातच होती.

“दिसत नाही का, सूनबाई?”

“दिवसा दिसतं, अब्बा. दिवेलागणीला सगळं काळं होतं.”

“कधीपासून?”

शिउलीने पदर पुढे ओढला. उत्तर मोकसेदच्या बायकोने, आमिरनने दिलं. “महिना झाला. त्यात घाबरण्यासारखं काय आहे, बाबुलचे अब्बा? पोटात पोर असलं की डोळ्यांवर पडदा येतोच. पारुलच्या वेळी हिला आला होता. बाबुलच्या वेळी मलाही आला होता. बाळंत झालं की जातो.”

पारुल ही शिउलीची पहिली मुलगी, चार वर्षांची. जन्मली तेव्हा एक किलो नऊशे ग्रॅम भरली होती आणि अजून दोन वर्षांची दिसायची. दर पावसाळ्यात तिला जुलाब होत आणि दर पावसाळ्यात मोकसेद मनातल्या मनात तिचा हिशेब संपवून बसे. पुन्हा तसंच एक पोर, आणि यावेळी आईच पायऱ्यांवरून पडलेली. त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने कनिकादिदीला निरोप धाडला. कनिका रॉय आरोग्य केंद्राची बाई. सायकलच्या दांडीला वजनकाटा बांधून गावोगाव पोरं तोलत फिरायची. तिने शिउलीच्या पापण्या उलटून पाहिल्या, पडल्याजागी दुखतंय का ते विचारलं आणि पोट तपासलं. पोर हलत होतं.

“गोळी द्या एखादी, दिदी,” मोकसेद म्हणाला. “पोरांना देता तशी लाल.”

“ती पोटुशीला चालत नाही, चाचा. पोटातल्या पोराला धोका असतो. रोज घ्यायच्या बारक्या गोळ्या असतात, पण त्या तालुक्याला तीन महिने आलेल्या नाहीत. हिला अ जीवनसत्त्व खाण्यातूनच मिळालं पाहिजे. काय खाते ही?”

“भात, डाळ, पालेभाजी. शुक्रवारी सिल्व्हर माशाचा एखादा तुकडा.”

“आणि मोला?”

आमिरन हसली. “मोला कुठं राहिलाय? ह्यांनीच मारलाय सगळा. बाजारात साठ टका किलो झालाय, सिल्व्हरपेक्षा महाग!”

कनिकाने आढ्याच्या डब्याकडे पाहिलं. “चाचा, अकरा वर्षं तुम्ही तळी साफ करताय आणि नऊ वर्षं मी पोरं तोलतेय. गावात कौलं जाऊन पत्रे आले, सायकली आल्या, ढाक्याला ट्रक भरभरून मासा जातो. माझ्या काट्यावर मात्र काही चढलेलं नाही. हे पोर आत्ता पोटात उपाशी राहिलं तर पुढे शाळेतही मागे आणि मजुरीतही मागे. मग कितीही रोहू विका. तुमच्या तळ्यात आहे ना अजून मोला?”

“आहे. पुढच्या मंगळवारी औषध टाकणार होतो.”

“टाकू नका. दिवसाआड ओंजळभर काढा आणि हिला घाला. पारुललाही.”

मोकसेद अवघडला. रोहूच्या पैशावर वर्षाचं मीठमिरची, कपडेलत्ते आणि बाळंतपण उभं होतं. मागच्या साली अठ्ठ्याऐंशी किलो मासा निघाला होता. साठ तळ्यांच्या मालकांना त्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की, बारका ठेवलात तर मोठा निम्मा होईल. पण पायऱ्यांवर चाचपडणारा तो हात त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्याने जाळं ओढून शोल आणि बोआल हे तेवढे शिकारी मासे काढले, मोला राहू दिला आणि त्यातच बोटुकली सोडली.

बातमी मशिदीपर्यंत पोचायला एक नमाज पुरला.

“काय रे मोकसेद,” हाजीसाहेब सगळ्यांदेखत म्हणाले, “गावाची हजामत करून न्हाव्याने स्वतःची दाढी वाढवली म्हणायची!”

“वाढवून बघतो, हाजीसाहेब. नाही शोभली तर काढू.”

दिवसाआड पहाटे तो बारीक छिद्रांचं जाळं टाकी आणि पाव किलो मोला आणून आमिरनपुढे ओती. पंधरा दिवस गेले. संध्याकाळी तो ओसरीवर बसून शिउलीची परीक्षा घेई.

“सूनबाई, ते कुंपणावर काय बसलंय?”

“कोंबडी, अब्बा.”

कुंपणावर त्याचा वाळत घातलेला बनियन होता.

सोळाव्या दिवशी आमिरन फणकारली, “शंभर-शंभर मासे साफ करून माझी बोटं सोलली. तिला फरक ना पारुलला. त्या दिदीचं ऐकून रोहू उपाशी मारा तुम्ही!”

 मोकसेदने डबा खाली काढला आणि वरची धूळ पुसली. बोटुकली आता पाण्यात होती, औषध टाकलं तर तीही मेली असती. तरी त्याने डबा उघडून वास घेतला. आपण फसलो आणि आता मागेही फिरता येत नाही, एवढंच त्याला कळत होतं. सातवा महिना सरत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कनिका पारुलला तोलायला आली. आमिरन अंगणात विळीवर बसली होती. मोला घ्यायचा, खच्‌कन मुंडकं उडवायचं, पोट दाबून घाण काढायची आणि राखेत घोळून धुवायचं. हात यंत्रासारखा चालत होता. पाच बदकं तिच्याभोवती मान ताणून उभी होती.

“चाची, बदकं काय टुमटुमीत झालीत हो!”

“होणारच! दिवसाआड ताजी मुंडकी मिळतात त्यांना.”

कनिका विळीसमोर मटकन बसली. “मुंडकी बदकांना घालता?”

“मग कुणाला घालू?” आमिरनला ते अपमानासारखं वाटलं. “मुंडक्यासकट मासा रांधला तर लोक म्हणतील, या घरात बाई आहे की मांजर! माझ्या आईच्या हातचा मोला बघायला बायका यायच्या. एक डोळा राहायचा नाही त्यात.”

“अहो, तिला हवंय ते त्या डोळ्यांतच असतं! डोळ्यांत आणि पोटात. सोळा दिवस तुम्ही बदकांची नजर सुधारताय, चाची!”

 ओसरीवरून शिउलीच खुदकन हसली आणि सासूसमोर हसलो म्हणून तिने तोंडाला पदर लावला. मोकसेदला मात्र हसू आलं नाही. त्याने उठून बदकांना काठीने तळ्याकडे हाकललं, तेही जरा जोरातच.

त्या दिवशी आमिरनने आयुष्यात पहिल्यांदा मुंडक्यासकट मोला रांधला, कांदा-हळद घालून अगदी मऊ शिजवला आणि वाढताना शेजारणीला दिसू नये म्हणून दार लोटून घेतलं. पारुलला तिने मुंडकी भातात कुस्करून भरवली.

अकराव्या संध्याकाळी मोकसेद नमाजाहून आला. अंधार पडला होता, दिवा अजून लावला नव्हता. परीक्षा घ्यायचं त्याच्या मनातही नव्हतं.

“अब्बा,” शिउली चुलीपाशी बसल्या जागेवरून हळूच म्हणाली, “टोपी उलटी घातलीय तुम्ही.”

मोकसेदने टोपी काढून पाहिली. शिवण वर होती. तो ती हातात धरून ओसरीवर बसला आणि म्हणाला, “बाबुलच्या आई, दिवा जरा उशिरा लाव.”

४ जूनला सकाळी साडेनऊला शिउली बाळंत झाली. मुलगा. कनिकाने काट्याच्या झोळीत घालून तोललं, काटा मोकळा करून शून्यावर आणला आणि पुन्हा तोललं. तीन किलो शंभर.

“काटा बिघडलाय का?” आमिरनने विचारलं.

“नऊ वर्षांत पहिल्यांदा बरोबर चालतोय,” कनिका म्हणाली.

मोकसेद परसात गेला आणि तळ्याच्या पायऱ्यांवर एकटाच बसला. कार्तिकापर्यंत पारुलचंही वजन सव्वा किलोने वाढलं होतं, आणि तो सबंध पावसाळा तिला एकदाच जुलाब झाले.

अग्रहायणात, म्हणजे मार्गशीर्षात, त्याने तळ्यात जाळं ओढलं. जाळेवाला नोकुल आणि त्याचे दोन भाऊ आले होते. हाजीसाहेब काठीवर हात ठेवून काठाला उभे राहिले. रोहू, कटला, सिल्व्हर मिळून एक्क्याण्णव किलो भरला. हाजीसाहेबांनी वजनं पुन्हा टाकायला लावली. तरी एक्क्याण्णवच. जाळ्याच्या तळाशी मोला चांदीसारखा उड्या मारत होता, तो नोकुलने परत पाण्यात सोडला.

“फाल्गुनात माझ्या तळ्यात नुसतं जाळं ओढ,” हाजीसाहेब म्हणाले. “शिकारी मासे काढ, बारका राहू दे. माझ्या नातवाच्या अंगाला काही लागत नाही. पण औषध नाही, तर तीनशे ऐंशी मिळणार नाहीत. अडीचशे.”

“दोनशे ऐंशी,” मोकसेद म्हणाला. “जाळ्याला घाम जास्त लागतो.”

“दोनशे सत्तर.”

“ठीक.”

मुलाला कडेवर घेऊन शिउली पायऱ्यांवरून खाली आली. ऊन उतरून दिवेलागण होत आली होती. शेवटच्या पायरीवर मासळीची टोपली पडली होती, तिला वळसा घालून ती पाण्यापर्यंत गेली आणि तिने पोराचे पाय धुतले.

मासा हाटात गेला आणि चार हजार पंचाण्णव टका आले. बाबुलला पत्र गेलं, आमिरनला साडी आली. नोकुलला जाळ्याचे एकशे पस्तीस ठरले होते. शंभर दिले. उरलेले पस्तीस टका हाजीसाहेबांचे पैसे आले की द्यायचे आहेत.