अपडेट दाबायचं की नाही

माझा फोन जावेनं टाकून दिलेला. बारामतीच्या कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या लेकीनं त्याच्या आतलं सगळं पुसून दुसरंच काही घातलं, तेव्हा त्यात विहिरीची मोटर चालू-बंद करायचं ॲप चालायला लागलं. मला घरातूनच मोटर सोडता येऊ लागली. नाहीतर विहिरीवर पारावरून जावं लागतं, तिथं माणसं बसलेली असतात. इतकी वर्षं मी मान खाली घालून जाते, एक शब्द बोललेली नाही.

लेकीनं बजावलं होतं, "अपडेट आलं तर दाबू नकोस. तुझा फोन बदललेला हाय, बंद पडंल. आधी मला विचार."

अपडेट रोज यायला लागलं. लेकीची परीक्षा चालली होती, म्हणून मी विचारलं नाही. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "आज अमावस्या हाय, नगं." मग शनिवार आडवा आला. दशमीला त्यांनी फोन देवापुढं ठेवला, हळदकुंकू लावलं आणि मला कळायच्या आत अपडेटवर अंगठा टेकवला.

पडदा काळा झाला. त्यावर इंग्रजी अक्षरं आली ती तशीच राहिली.

"कुंकू जास्त झालं का गं?" सासूबाई म्हणाल्या.

लाईट आली होती, उसाला पाणी द्यायचं होतं आणि मालक कारखान्यावर ड्यूटीला. मी निघाले. पारावर म्हातारे तात्या म्हणाले, "सूनबाई, माझ्या फोनात बी अपडेट मागतंय. दाबू का?"

"नका, तात्या. फोन मरतोय."

सगळ्यांनी आपापले फोन खिशात घातले.

रविवारी लेक आली. फोन नीट केला आणि पारावरचं ऐकून कपाळाला हात लावला. "आई, त्यांचे फोन बदललेले न्हाईत. त्यांनी दाबायलाच पायजे, न्हाईतर पुढं ॲप चालत न्हाईत."

"मग तू सांग जा."

"नको म्हणून तू सांगितलंस. तूच जा."

मोटर घरातून चालू होत होती, जायचं काही कारण नव्हतं. दोन दिवस तसेच काढले. पण माझ्यामुळं कुणाचा फोन बिघडला तर, हे डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी पदर सावरून तात्यांपुढं उभी राहिले. "तात्या, तुमचं चालतंय. दाबा."

तात्यांनी फोन माझ्याच हातात दिला. "तूच दाब. आन् चालू होईस्तवर हितंच थांब."

मी दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. कुणीतरी सरकून पारावर जागा केली. गोल बराच वेळ फिरत राहिला.