पुलावर राहिलेला पोट्टा

माझ्या सासूने जाताना एका चोराची चौकशी केली. स्वतःच्या मुलाची नाही.

आज वर्ष झालं. मला अजून त्याचा अर्थ लागलेला नाही, म्हणून इथे लिहितेय.

तुमच्यापैकी बरेच जण मला गेमिंगमुळेच ओळखतात. कुठल्या क्राइम गेमचं ओपन वर्ल्ड जास्त डीप, कुठल्या शहरातली माणसं खरी वाटतात, यावर आपण इथे तावातावाने भांडलोय. त्या भांडणातले माझे निम्मे मुद्दे आईंचे असायचे. म्हणजे सासूबाईंचे.

लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, गुढियारीत आले तेव्हा आम्हा दोघींना बोलायला विषयच नव्हता. नीलेश, माझा नवरा, शहराबाहेर सिलतऱ्याला स्टील प्लांटमध्ये. आई त्याला मराठीत विचारणार, तो हिंदीत उत्तर देणार, हे या घरात आधीपासूनचं. मी घरून काम करायचे आणि ते आटोपलं की हॉलमधल्या टीव्हीवर गेम लावायचे. आई मागे दिवाणावर भाजी निवडत बसायच्या. सून गोळ्या झाडतेय, पण त्या अक्षरही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, रागावल्यात.

एक दिवस मागून आवाज आला, "पोट्टा सकाळपासून धावून राहिला. जेवला काय तो?"

त्या गेममध्ये हीरोला, म्हणजे त्या चोर पोराला, खाऊ घालावं लागतं, नाहीतर तो वाळत जातो. मी ते कधी मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी मुकाट्याने त्याला हॉटेलात नेलं.

मग आईंनी कारभारच हाती घेतला.

टॅक्सीवाल्याची गाडी चोरायची नाही, त्याची चूल बंद पडते. कंपनीचा ट्रक चालेल. नवी गाडी हाताला लागली की आधी देवळात. आता त्या शहरात देऊळ कुठून आणू? मग चर्चसमोर थांबायचं आणि आई दिवाणावरूनच हात जोडणार. अहो, चोरीची आहे, म्हटलं तर म्हणाल्या, चोरीची असली तरी नवीच आहे नं.

फास्ट ट्रॅव्हलला बंदी. एकदा मी बटण दाबून त्याला थेट घरी पोचवला, तर त्या बेचैन झाल्या.

"असा कसा पोचला? रस्त्यात काय झालं ते दिसलंच नाही."

आणि संध्याकाळी मिशन कितीही रंगात आलेलं असो, घरी ने त्याले आता, हे ठरलेलं. ऑटोसेव्ह होतं आई, घरी न्यायची गरज नसते, हे सांगून सांगून मी थकले. रोज अख्खं शहर पार करून त्याला खोलीवर आणायचं, पलंगावर झोपवायचं. मगच त्या कणिक मळायला उठायच्या.

हे सगळं खोटं आहे, हे त्यांना कळत होतं का? एकदा विचारलंच.

"मले येडी समजतं काय तू? तो खोटाच आहे. पण चालवणारी तर खरी आहे नं."



मागच्या वर्षी अशाच एका संध्याकाळी म्हणाल्या, छातीत दाबल्यासारखं होतंय. मी कंट्रोलर टाकला. पोट्टा पुलावर उभा, मागे पोलीस. शेजारच्या भैयांनी गाडी काढली.

हॉस्पिटलात आत नेण्याआधी त्यांनी माझं मनगट धरलं. नीलेश सिलतऱ्याहून निघाला होता, ट्रकांच्या गर्दीत अडकला होता. मला वाटलं, त्याचंच विचारतील.

"तो पुलावरच आहे नं? घरी नाही नेलं त्याले."

"नेते, आई."

"हव," म्हणाल्या. बस, एवढंच.

नीलेश पोचला तेव्हा सगळं संपलं होतं. कुछ बोली क्या, त्याने विचारलं. मी जे झालं ते सांगितलं.  तेरवीच्या दिवशी मावशींना सांगत होता, आखिर में मम्मी को होश नहीं था.

आईंना शुद्ध होती. तीच तर अडचण आहे.

वर्षभर घरात हा विषय निघाला नाही. कन्सोल कपाटात गेला. आईंच्या फोटोला हार घालताना माझे डोळे कोरडे, आणि खारून नदीचा पूल लागला की भरून यायचं. आम्ही मैत्रिणी होतो? की एका टीव्हीसमोर बसणाऱ्या सासू-सून? मला सांगता येत नाही.

आज श्राद्ध झालं. पाहुणे गेले. नीलेश दिवाणावर बसला, नेमका आईंच्या जागी.

"वो चोर अभी भी पुल पे खड़ा है क्या?"

"हो."

"लगा."

होता तिथेच. पोलिसांना चुकवताना दोनदा धडकले, सवय गेलीय. समोर टॅक्सी होती, ती सोडली. पुढे ट्रक मिळाला. चर्चसमोर थांबले तेव्हा नीलेशने विचारलं, यहाँ क्यों? मी सांगितलं. तो हसला आणि हसता हसता तोंड फिरवलं त्याने.

खोली जवळ आली तशी म्हणाला, "रोज कितने बजे लाते थे इसको?"

तुझी शिफ्ट सुटायची तेव्हा, मी म्हटलं. तू रस्त्यात असायचास तेव्हा.

बोलून गेले आणि मग माझं मलाच ऐकू आलं. रोज त्याच वेळेला आणत होतो, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तसंच असेल का? की त्यांना खरंच त्या चोराची काळजी होती? की दोन्ही? मला नाही माहीत. आज तर जास्तच गोंधळ झालाय.

पोट्ट्याला खोलीवर आणलं. खाऊ घातलं. झोपवलं. स्क्रीन काळी झाली तरी नीलेश उठेना. मग फोटोकडे बघून बोलला. मराठीत.

"आई, पोचलो मी."

आई, तुम्हाला नमस्कार. आता कुणाची वाट बघू नका. दोघंही घरी आहेत.